३०० मेसेजमधले कामाचे ३ : चळवळीच्या ग्रुपवरची चर्चा मिळून कशी पाखडायची

सकाळची लोकल पकडून फोन उघडावा तर कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर रात्रीतून ३०० मेसेज आलेले असतात. दोन फॉरवर्ड, एक जुनं भांडण, चाळीस 'सहमत', आणि मध्ये कुठेतरी वॉर्ड ऑफिसातल्या सुनावणीची तारीख. आमच्या दादर-परळच्या ग्रुपवर एकदा हरकती-सूचना देण्याची शेवटची तारीख एका बाईंनी तीन दिवस आधी टाकली होती. मुदत संपल्यावर ती आम्हाला सापडली. तिच्या वर-खाली एका पुढाऱ्याच्या भाषणावरून सव्वाशे मेसेजचं भांडण झालं होतं आणि त्यात आम्ही सगळे होतो, मीसुद्धा. त्या बाई नंतर फारसं लिहीत नाहीत. तारीख चुकली याहून मला ते जास्त लागलं.

त्यानंतर आम्ही पद्धत शोधायला लागलो. अ‍ॅडमिननं कडक व्हावं, हा पहिला उपाय सगळ्यांना सुचतो. पण चर्चेतलं काय राहील आणि काय जाईल हे एकट्यानं ठरवायचं, तर ग्रुप त्या एकट्याचा होतो, आणि चळवळीत हे फार लवकर होतं. म्हणून पाखडण्याचं सूप अनेकांच्या हातात द्यायचं. पुढे जे लिहिलं आहे ते ४० ते २०० माणसांच्या ग्रुपसाठी आहे. त्याला फोन, एक गुगल शीट आणि आठवड्याला दोनेक तास लागतात. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही.

आधी कुणी काय करून पाहिलं

एकानं वाचलेल्याचा दुसऱ्याला उपयोग व्हावा, ही कल्पना जुनी आहे. १९९२ साली झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात 'टॅपेस्ट्री' नावाची व्यवस्था केली होती. ईमेलच्या ढिगावर वाचणारे आपापला शेरा मारत आणि बाकीचे त्या शेऱ्यांवरून आपल्यापुरतं निवडत. 'कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग' हा शब्द तिथून आला. दोन वर्षांनी 'ग्रुपलेन्स'नं युजनेटच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचांच्या, चर्चांवर तेच केलं. तुमची आवड ज्यांच्याशी जुळते त्यांनी दिलेल्या गुणांवरून तुम्हाला काय आवडेल, याचा अंदाज ते बांधत.

आपल्या कामाचं खरं शिक्षण मात्र तीन ठिकाणी मिळतं. पहिलं स्लॅशडॉट, तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर चर्चा चालणारं संकेतस्थळ. तिथे नियमित वाचणाऱ्यांपैकी काहींना यदृच्छेनं निवडून पाच गुण वाटायला देत. ते थोड्या दिवसांत वापरले नाहीत तर संपत. ज्या चर्चेत तुम्ही स्वतः बोललात तिथे गुण देता येत नसत. गुण नुसता वर किंवा खाली नसे, 'माहितीपूर्ण', 'विषय सोडून', 'चिथावणी' असं कारणही निवडावं लागे. दुसरं 'पोल डॉट इस' हे लोकांची मतं गोळा करण्याचं संकेतस्थळ, जे तैवानमध्ये २०१५ साली उबरच्या नियमांवरच्या सार्वजनिक चर्चेत वापरलं गेलं. तिथे एकमेकांना उत्तर देण्याची सोयच नाही. समोर एक वाक्य येतं, त्यावर सहमत, असहमत किंवा पुढे, एवढंच. या उत्तरांवरून संगणक लोकांचे कल वेगळे करतो आणि सगळ्या कलांना मान्य असलेली वाक्यं दाखवतो. तिसरं म्हणजे ट्विटरनं २०२१ च्या जानेवारीत 'बर्डवॉच' नावानं सुरू केलेल्या आणि पुढे 'कम्युनिटी नोट्स' झालेल्या टिपा, ज्या दिशाभूल करणाऱ्या पोस्टखाली वापरणारेच लिहितात. तिथे नुसती जास्त मतं मिळून टीप दिसत नाही. एरवी ज्यांची मतं जुळत नाहीत अशा लोकांनी ती उपयोगी म्हणावी लागते.

ही तिसरी कल्पना आपण धरायची. बहुमताची टाळी कशाला मिळते हे आपल्याला माहीत असतंच. एरवी न पटणाऱ्या दोघांनाही कामाचं काय वाटलं, ते शोधायचं आहे.

पायरी १ : काय पाखडायचं नाही ते ठरवा

अटक, अपघात, पाडकाम सुरू झालं, मोर्चाची जागा बदलली, अशा गोष्टींसाठी वेगळा ग्रुप ठेवा आणि तिथे फक्त चार-पाच जणांना लिहू द्या. तातडीच्या गोष्टीला गुण देत बसायचं नसतं. शिवीगाळ, जातीवरून किंवा बाईपणावरून केलेली टिप्पणी, कुणाचा पत्ता-फोन उघड करणं, यावरही मतदान नाही. त्याचे नियम आधी लिहून ठेवायचे आणि मोडले की मेसेज काढायचा. आपल्या एखाद्या बाईचा अपमान 'कामाचा' की 'बिनकामाचा' हे बारा जणांना विचारणं, हाच दुसरा अपमान आहे.

उरते ती चर्चा. मागणी काय असावी, कायदा काय म्हणतो, कुणाशी बोलायचं, पुढचं पाऊल कोणतं.

पायरी २ : दोन प्रश्न वेगळे करा

सगळ्या पद्धतीचा पाया इथे आहे, म्हणून थोडं थांबतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा नेमकं काय सांगतो? पटलं? वाचलं? लिहिणारा आपला माणूस आहे? काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक मेसेजसाठी दोन प्रश्न विचारायचे :

मला हे पटतं का?
पटो वा न पटो, याचा आपल्या कामाला उपयोग आहे का?

दोन्हींना उत्तरं तीनच : होय, नाही, सांगता येत नाही. एक ते पाच तारे ठेवू नका. कुणाचे तीन तारे म्हणजे 'छान' असतात आणि कुणाचे तीन म्हणजे 'टाकाऊ'.

सुरुवातीला लोक दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देतात. पहिल्या आठवड्याला समोरासमोर बसून पाच मेसेज एकत्र वाचा. त्यात एक असा निवडा की जो बहुतेकांना पटणार नाही, पण त्यातली माहिती खरी आणि गरजेची आहे. 'पटत नाही, पण उपयोगी' असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं की बाकीच्यांना फरक लगेच कळतो. आमच्याकडे यासाठी एक संध्याकाळ गेली, आणि ती गेली म्हणूनच पुढचं सगळं जमलं.

पायरी ३ : बारा जण, चिठ्ठ्या टाकून

दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून बारा जण निवडा. अट एकच ठेवा, गेल्या तीन महिन्यांत किमान एका बैठकीला प्रत्यक्ष आलेला माणूस हवा. नुसत्या फोन नंबरवर विसंबलात तर एकाच माणसाची दोन सिमकार्डं दोन मतं देतात, आणि निवडणुकीच्या तोंडावर ग्रुपात शिरलेले अनोळखी नंबरही देतात. बैठकीला आलेला चेहरा ही सगळ्यात स्वस्त ओळखपरेड आहे.

महिना झाला की बाराही बदलायचे. तीच माणसं पुन्हा पुन्हा ठेवली तर वर्षभरात त्यांची समिती होते. मग तिला लेटरहेड लागतं.

चिठ्ठ्या काढल्यावर एकदा नावांवर नजर टाका. फेरीवाल्यांमध्ये काम करणारे, सोसायट्यांमधले, चाळीतले, विद्यार्थी, बायका, यांपैकी एखादा मोठा गट पूर्ण गळला असेल तर त्या गटासाठी वेगळी चिठ्ठी टाका. हे आधी जाहीर करूनच करा.

पायरी ४ : मेसेज चाळणीवर आणा

३०० च्या ३०० ना कुणी गुण देणार नाही. ग्रुपमधल्या कुणालाही एखादा मेसेज महत्त्वाचा वाटला तर त्याला रिप्लाय देऊन फक्त 'चाळण' लिहायचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या शोधात तो शब्द टाकला की सगळे एका जागी सापडतात. स्वतःच्या मेसेजलाही चाळण लावता येईल, पण आठवड्यातून एकदाच.

त्या आठवड्याचा कारकून, म्हणजे बारांपैकीच एक, रविवारी रात्री ते मेसेज शीटमध्ये उतरवतो. जास्तीत जास्त १५. जास्त आले तर जुळे मेसेज एकत्र करायचे आणि तरीही उरले तर चिठ्ठ्या टाकायच्या. उतरवताना लिहिणाऱ्याचं नाव काढून टाकायचं. नाव दिसलं की लोक मेसेज वाचत नाहीत, माणूस वाचतात. शैलीवरून ओळखू येणारी माणसं असतातच, त्याला इलाज नाही.

फॉरवर्ड आलेला मजकूर या यादीत घेऊ नका. दुहेरी बाणाचा तर नकोच, 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' याची ती खूण आहे. त्यातलं काही महत्त्वाचं असेल तर चाळण लावणाऱ्यानं ते स्वतःच्या शब्दांत लिहावं आणि कागद जोडावा.

पायरी ५ : गुण गुपचूप द्या

व्हॉट्सअ‍ॅपचा पोल इथे चालत नाही. कुणी काय मत दिलं ते त्यात नावासकट दिसतं, आणि आधीच्यांची मतं पाहून पुढचे वळतात. यावर २०१३ साली 'सायन्स'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. बातम्यांच्या एका संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांना संशोधकांनी यदृच्छेनं एकेक खोटं 'वर'चं मत दिलं. तेवढ्यानं त्या प्रतिक्रियांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी फुगले. एका मतानं एवढं होत असेल, तर जिथे ज्येष्ठ कार्यकर्त्याचा अंगठा आधी पडतो तिथे काय होत असेल?

म्हणून गुगल फॉर्म करा. बाराजणांना १ ते १२ क्रमांक द्या आणि कोणाचा क्रमांक कोणता हे फक्त कारकुनाला ठाऊक असू द्या. सोमवार ते बुधवार फॉर्म उघडा राहील, निकाल कुणालाच दिसणार नाही. १५ मेसेज, दोन-दोन प्रश्न. अंधेरी ते चर्चगेट प्रवासात सहज होतं, बसायला जागा मिळाली नाही तरी.

आपला स्वतःचा मेसेज असेल तर रकाना रिकामा सोडायचा. ज्या भांडणात आपण हिरिरीनं होतो त्यातल्या मेसेजचंही तेच.

पायरी ६ : हिशोब

आता बेरीज-भागाकार. घाबरू नका, कागदावरही जमतं.

आधी 'मला पटतं का' या उत्तरांकडे पाहा. त्यांचा उपयोग फक्त कल ओळखण्यासाठी करायचा. दोन माणसं घ्या, दोघांनीही होय किंवा नाही म्हटलेले मेसेज मोजा, आणि त्यांतल्या किती ठिकाणी उत्तर सारखं आहे ते पाहा. १४ पैकी ११ ठिकाणी जुळलं तर ती एका कलाची, १४ पैकी ५ ठिकाणीच जुळलं तर वेगळ्या. बारा जणांच्या अशा ६६ जोड्या होतात. शीटमध्ये माणसांचे रकाने मागेपुढे सरकवून सारखे शेजारी आणले की दोन गठ्ठे बहुतेक वेळा डोळ्यांनीच दिसतात. कधी तीन असतात. एकच गठ्ठा दिसला तर चिठ्ठ्यांत काहीतरी चुकलं आहे, किंवा ग्रुपमधून वेगळं बोलणारी माणसं निघून गेली आहेत. त्याची चौकशी करा.

मग 'उपयोगी आहे का' याची उत्तरं प्रत्येक गठ्ठ्यासाठी वेगळी मोजा. आमच्या भागातला ठसठसणारा विषय घेऊ, स्टेशनबाहेरचे फेरीवाले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीचा धंदा करायला मनाई केली. दुसरीकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा फेरीवाल्यांच्या उपजीविकेला संरक्षण देतो. आमच्या ग्रुपात प्रवाशांसाठी झटणारे आहेत आणि फेरीवाल्यांच्या संघटनेत आयुष्य घालवलेलेही आहेत. दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक आहेत.

समजा, बारांपैकी सात प्रवासी कलाचे आणि पाच फेरीवाला कलाचे निघाले. समोर दोन मेसेज आहेत.

क : 'कोर्टाचा आदेश स्पष्ट आहे, १५० मीटरच्या आत एकही गाडी नको. महापालिका झोपली आहे का?' सातपैकी ७ आणि पाचपैकी २ जण उपयोगी म्हणाले.

ख : 'कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांच्यात एक तृतीयांश बायका. जागा कुठे द्यायच्या हे या समितीत ठरायला हवं. जिन्याची तोंडं मोकळी ठेवण्याची मागणीही तिथेच करता येईल.' सातपैकी ५, पाचपैकी ४.

दोन्हींना एकूण मतं ९ च. नुसत्या बेरजेनं दोन्ही सारखे. आता प्रत्येक गठ्ठ्याच्या मतांत दोन काल्पनिक 'होय' आणि दोन काल्पनिक 'नाही' मिळवा. माणसं थोडी असली की शंभर टक्के किंवा शून्य टक्के पटकन येतात आणि फसवतात, त्यावर हा साधा लगाम आहे. 'क'चे प्रवासी गठ्ठ्यात ११ पैकी ९, म्हणजे ८२ टक्के, आणि फेरीवाला गठ्ठ्यात ९ पैकी ४, म्हणजे ४४. 'ख'चे ६४ आणि ६७. दोन आकड्यांतला लहान आकडा हाच मेसेजचा गुण. 'क' ४४, 'ख' ६४.

आम्ही रेघ ६० वर ओढली आहे. सातांच्या गठ्ठ्यात किमान ५ आणि पाचांच्या गठ्ठ्यात किमान ४ जण उपयोगी म्हणाले तरच मेसेज रेघेवर जातो आणि त्या आठवड्याच्या छापील कागदावर येतो. 'सांगता येत नाही' म्हणणाऱ्याला त्या मेसेजपुरतं मोजायचं नाही.

'क' मधला आदेश खरा आहे, तो कुणी नाकारत नाही. पण त्याच्या शेवटच्या वाक्यानं समोरच्यांचे कान बंद केले. लिहिणाऱ्याला हे कळलं तर पुढच्या खेपेला तो आदेश आणि कायदा शेजारी ठेवून लिहितो. आमच्याकडे असं होताना मी पाहिलं आहे, आणि या सगळ्या खटाटोपात मला सर्वात मोलाचं तेच वाटतं.

पायरी ७ : राखीव जागा

आता या पद्धतीचा दोष. दोन्ही बाजूंना कामाचं वाटेल तेच वर आलं, तर एका बाजूला सलणारं सत्य कायम खालीच राहील. पाटी घेऊन बसणारी बाई सांगते की गाडी उचलून नेल्यावर माल परत मिळत नाही आणि संध्याकाळी स्वच्छतागृहही सापडत नाही. ज्यांनी कधी रस्त्यावर बसून धंदा केला नाही त्यांना यात 'कामाचं' काय ते दिसत नाही. दलित वस्तीतल्या पाण्याबद्दल, मुस्लिम भाडेकरूला नाकारलेल्या घराबद्दल तेच होतं. लोक दुष्ट असतात असं नाही, त्यांनी ते जगलेलं नसतं.

म्हणून आठवड्याच्या कागदावर दोन जागा राखीव ठेवा. एका गठ्ठ्यात ७० च्या वर आणि दुसऱ्यात ५० च्या खाली गेलेले मेसेज बाजूला काढा. त्यांतला एक लहान गठ्ठ्यानं निवडायचा. तो तसाच, एका शब्दाचीही काटछाट न करता छापायचा आणि पुढच्या बैठकीत पहिली दहा मिनिटं त्याला द्यायची. दुसरी जागा सगळ्यात जास्त दुभंग करणाऱ्या मेसेजला, 'यावर आपलं जमत नाही' असं शीर्षक देऊन. हे लपवून ठेवलेलं मोर्चाच्या दिवशी फुटतं.

या दोन जागा नसतील तर ही पद्धत वापरूच नका, असं मी म्हणेन.

पायरी ८ : खरं-खोटं वेगळं तपासा

बारा जणांना उपयोगी वाटलं म्हणजे ते खरं झालं असं नाही. रेघेवर गेलेल्या मेसेजमधला प्रत्येक आकडा, तारीख, कलम एकानं कागदावरून तपासायचं. शासन निर्णय असेल तर शेवटी त्याचा संकेतांक दिलेला असतो, तो सरकारी संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत काढा. कोर्टाचा आदेश असेल तर बातमीवर थांबू नका, आदेश वाचा. 'बंदी' आणि 'अमुक अटींवर बंदी' यांतला फरक बातमीच्या मथळ्यात बसत नाही. कागद सापडला नाही तर मेसेजपुढे 'कागद नाही' असं लिहून छापा. महापालिकेकडे असलेल्या कागदासाठी २००५ च्या माहिती अधिकाराखाली अर्ज टाका आणि कोण टाकणार तेही तिथेच लिहा.

पायरी ९ : शीट जपा

कोण कुणाशी सहमत आहे याचा तक्ता म्हणजे चळवळीच्या आतल्या फटींचा नकाशा आहे. तो विरोधकाच्या, पोलिसांच्या किंवा आपल्यातल्याच महत्त्वाकांक्षी माणसाच्या हाती पडता कामा नये. शीट एकाच्या खात्यावर ठेवा, लिंकनं उघडणारी ठेवू नका. क्रमांक-नावांची यादी कागदावर लिहा, फोनमध्ये नको. महिना संपला की बारांसमोर ती फाडा आणि शीटमधली वैयक्तिक उत्तरं पुसा. गठ्ठ्यांच्या बेरजा तेवढ्या ठेवा.

२०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना मुंबई बंदवरच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. त्यांतल्या एकीनं तर ती पोस्ट लिहिलीही नव्हती, 'लाइक' केली होती. त्या प्रकरणात गाजलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केलं. सदस्याच्या मेसेजसाठी ग्रुपच्या अ‍ॅडमिनला तेवढ्यावरून जबाबदार धरता येत नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे. तरी लिहिणाऱ्यावर इतर कलमं लागतातच. मताची नोंद कमीत कमी ठेवणं हे त्या बाराजणांप्रती आपलं कर्तव्य आहे.

पायरी १० : दाद

आपला मेसेज अन्यायानं खाली गेला असं कुणाला वाटलं तर त्यानं शुक्रवारपर्यंत एका ओळीत कारण लिहावं. गेल्या महिन्याच्या बारांपैकी तिघे, चिठ्ठी टाकूनच, तो मेसेज पुन्हा पाहतील. दोघांनी मान्य केलं तर तो पुढच्या कागदावर जातो. महिनाअखेर याच तिघांनी राखीव जागा खरंच भरल्या गेल्या का तेही पाहावं. एका महिन्यात आमच्या दोन जागा रिकाम्या छापल्या गेल्या होत्या. कारकून दमला होता. पुढच्या महिन्यापासून कारकुनाला जोडीदार दिला.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही

नायगावच्या चाळींतल्या आजी, बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बायका, रात्रपाळीचे वॉचमन. चाळणीवर आलेल्या त्या आठवड्याच्या मेसेजची यादी ए-फोर कागदावर, मोठ्या अक्षरात काढा. ती दुपारी बायकांच्या बैठकीत वाचून दाखवा. प्रत्येक मेसेजनंतर दोन झाकणाचे डबे फिरवा, एक कामाचा आणि एक बिनकामाचा, झाकणाला भोक पाडलेलं. प्रत्येकीला मेसेजगणिक एक चिंचोका द्या. डबे पदराआड फिरले तर उत्तम, शेजारणीला कळत नाही. दर मेसेजनंतर चिंचोके मोजायचे आणि तो आकडा शीटमध्ये तिसरा गठ्ठा म्हणून भरायचा, इतर दोन गठ्ठ्यांच्या बरोबरीनं, त्याच हिशोबानं. त्या गठ्ठ्याचा आकडा सगळ्यात लहान आला तर तोच मेसेजचा गुण.

सुनावणीची तारीख टाकणाऱ्या त्या बाई हल्ली हे डबे फिरवतात.